नैवेद्याची साखर

देवापुढे ठेवावयाचा पदार्थ शुद्ध असावा, याविषयी आपल्या घरांतून आणि देवस्थानांतून जो काटेकोरपणा पाळला जातो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने आपल्या अंगी मुरला आहे. तूप कोणत्या घरचे आहे, नारळाला वास तर नाही ना, तांदळात खडा राहिला काय, पाणी कोणत्या विहिरीचे, हे प्रश्न आमच्या आजीला कोणी शिकविले नव्हते आणि आमच्या मुलींनाही शिकवावे लागले नाहीत. पंचामृतात दूध, दही, तूप आणि मध यांच्या जोडीला साखर असते. पहिल्या चारांची चौकशी आपण आवर्जून करतो. पाचवी वस्तू मात्र पोत्यातून येते. पोत्यावर कारखान्याचे नाव आणि हंगामाचे वर्ष छापलेले असते, आणि तेवढ्याने आपले समाधान होते.

गेली काही वर्षे गोव्यातील आमच्या कुलदेवतेच्या उत्सवासाठी लागणारा किराणा बेळगावच्या पेठेतून खरेदी करून धाडण्याचे काम महाजनांनी माझ्याकडे सोपविले आहे. मी बेळगावात राहतो, निवृत्त आहे, आणि पेठेतील दुकानदारांशी माझा जुना घरोबा आहे, एवढीच माझी पात्रता. अन्नसंतर्पणाला दरवर्षी सुमारे दहा क्विंटल साखर लागते. ती घाट उतरून गोव्यात जाते. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद पडल्यावर तर गोव्यात पिकलेला ऊसही घाट चढून कर्नाटकात येऊ लागला. तेव्हा साखरेच्या बाबतीत आपल्या गोवेकर वाचकांचे आणि आम्हा सीमाभागातील मंडळींचे नाते दिसते त्याहून पुष्कळच जवळचे आहे.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते. गोव्यात त्या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावनाशी ऊस उभा करतात, चिंच-आवळ्याच्या डहाळ्या लावतात, चुरमुरे वाटतात. नेमक्या त्याच सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघालेली असतात. डोक्यावर पत्र्याच्या पेट्या, पाण्याच्या घागरी, शेळ्या, कोंबड्या आणि कडेवर मुले घेऊन निघालेली ही कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात येतात व चैत्राच्या आगेमागे परततात. गावी मागे राहतात ती म्हातारी माणसे. आपल्या अंगणात उसाचे एक कांडे पूजेला लागते, त्या दिवसांत या माणसांचे सहा महिन्यांचे प्रस्थान झालेले असते.

या कामाची रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नसते. नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात. हिशेब माणसांचा होत नाही, कोयत्यांचा होतो. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो त्या वेळी, मुकादम येऊन जोडीला उचल देतो. उचल म्हणजे पुढील हंगामाच्या मजुरीवरची आगाऊ रक्कम. ती लग्नात, दुखण्यात, जुन्या देण्यात हंगामापूर्वीच संपते. मग ऊस तोडून ती फेडावयाची. एक जोडी दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते, सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरावी लागते. एखादा दिवस काम चुकले तर त्याला 'खाडा' म्हणतात, आणि खाड्यापोटी त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपये किंवा त्याहूनही अधिक दंड उचलीत चढतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते. म्हणजे पुढील वर्षी यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या बाकीने आधीच काढून घेतलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माघात अथणी तालुक्यातील माझ्या भाच्याच्या शेतात ऊसतोड चालली होती, तेव्हा मी चार दिवस तेथे राहिलो. बांधापलीकडे तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून वर चटई अथवा कागद टाकलेली, आत उभे राहता येणार नाही अशी झोपडी. न्हाणी नाही, शौचकूप नाही, दिवा नाही. पहाटे चारला तेथे चुली पेटत आणि पाचला फड गाठावयाचा. एका दुपारी पाणी पिण्यास विहिरीवर आलेल्या एका बाईशी माझे बोलणे झाले. वय तिशीच्या आतले असावे. पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या पाठीशी उभी होती.

"मुलगी शाळेत जाते का, बाई?" मी विचारले.

"गावाकडं नाव हाय की बाबा तिचं शाळंत. पर आमी हितं, ती हितं. म्हातारी गेली मागच्या साली, मग कुणापाशी ठिवावी?"

तिची कंबर दुखत असावी. घागर उचलताना ती दोनदा थांबली. डॉक्टरांना दाखविले का, असे मी विचारले तेव्हा ती नुसती हसली.

"दाखवायचं म्हंजी दिस मोडायचा. खाडा पडतो. त्यापरीस दुखणं सोसलेलं बरं."

एवढे बोलून ती गेली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस पडला की जमीन भिजते, इतक्या सरळपणाने तिने ते सांगितले, आणि त्यामुळेच ते माझ्या मनातून जाईना.

तिने जे दोन वाक्यांत सांगितले, त्याची सरकारदरबारी नोंद आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया असाधारण प्रमाणात होत असल्याचे उघडकीस आले. विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. त्या जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे शंभरांत सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकूणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण शंभरांत तीनाच्या जवळपास होते. वयोगटांतील फरक जमेस धरला, तरी हे अंतर दृष्टिआड करता येत नाही. कारणे गुंतागुंतीची आहेत. फडावर पाणी व आडोसा नसल्याने होणारे संसर्ग, बाळंतपणानंतर लगेच उचलावी लागणारी ओझी, कर्करोगाची भीती घालणारे काही डॉक्टर, आणि या सर्वांच्या मुळाशी दर महिन्याला पडणारा खाडा. शरीराचा एक धर्मच कामाच्या आड येतो, म्हणून तो कायमचा बंद करून टाकावा, असे एखाद्या स्त्रीला वाटावे, याहून मोठे दारिद्र्य मला कल्पिता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या संस्थांनी याच विषयाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्राच्या फडांतून निघालेली साखर जगभर खपणाऱ्या अमेरिकन शीतपेयांपर्यंत कशी पोहोचते, हे दाखविले. उचल, बालविवाह आणि शस्त्रक्रिया या तिन्हींचा परस्परसंबंधही त्यात उलगडला होता. जोडीशिवाय कोयता होत नाही. म्हणून मुलगी वयात येताच तिचे लग्न उरकले जाते, आणि नव्या जोडीला नवी उचल मिळते. परदेशात त्या वृत्तांताची पुष्कळ चर्चा झाली. येथे मला तो वाचून विहिरीवरची ती पाच-सहा वर्षांची मुलगी आठवली.

त्या वर्षी खरेदीच्या वेळी मी आमच्या व्यवस्थापक मंडळींपुढे विषय काढला. आपण ज्यांची साखर घेतो, त्यांना साधे चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचविले. तोडणीवाल्यांना राहण्याची काय सोय आहे? आजारपणात खाडा लावतात काय? मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था कोणती? उचलीचा हिशेब मजुराला लेखी मिळतो काय? मंडळींत मतभेद झाला. एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "आपण दहा क्विंटलवाले. आपल्याला कोण जबाब देणार? आणि बाजारातल्या साखरेचे गोत्र विचारीत बसलो तर उत्सव व्हायचा कसा?" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तरी अखेरीस पत्र पाठविण्यास सर्वांनी संमती दिली. दुकानदाराच्या मध्यस्थीने ते कारखान्याकडे गेले आणि महिन्याभराने दोन ओळींचे उत्तर आले. त्यातील पहिली ओळ अशी होती की तोडणी मजूर हे कारखान्याचे नोकर नाहीत.

हे उत्तर कायद्याच्या भाषेत कदाचित बरोबर असेल. आणि सगळी मेख तेथेच आहे. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक कंत्राटदाराशी. कंत्राटदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी कर्ज काढून उचल वाटली; चार कोयते पैसे घेऊन पळाले तर माझी जमीन जाते, आणि हेही अनेकदा खरे असते. ऊस पिकविणारा शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या बिलातून कापला जातो, वर टोळीला खुशाली द्यावी लागते, मी आणखी काय करू? साखर घेणारी मोठी कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून माल घेतो, फडाकडून नाही. आणि आपण, पोते उघडणारे, काहीच म्हणत नाही. प्रत्येकाच्या हातात साखळीची एकच कडी असल्यामुळे संपूर्ण साखळी कोणाचीच ठरत नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा त्यामागे शेतकऱ्याला सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या हातून सोडविण्याची तळमळ होती. शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. त्याचा ऊस तोडणारा मात्र सभासद झाला नाही आणि नोकरही झाला नाही.

ही पळवाट बंद करण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी वेतनावर घेतलेले काम हीदेखील वेठच होय, कारण भुकेची सक्ती ही सक्तीच असते. कर्जापोटी राबविणे हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. परप्रांतात कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला. कंत्राटदाराला परवाना, मजुरांची नोंद, प्रवासाचा खर्च, राहण्याची योग्य सोय, असे सर्व त्यात होते. तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत सामावला आहे. आम्हा सीमाभागातील लोकांना दोन राज्यांची हद्द म्हटली की भाषेचा आणि शाळांचा प्रश्न आठवतो. बीडहून अथणीला येणाऱ्या कोयत्याला ती हद्द आणखी एका अर्थाने भोवते. त्याच्या गावचा अधिकारी म्हणतो मजूर येथे नाही, आणि येथला अधिकारी म्हणतो मजूर येथला नाही.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योग व मानवी हक्क यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. जॉन रगी या विद्वानाने अनेक वर्षे खपून ती सिद्ध केली होती. त्यांचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो. शासनाने हक्कांचे संरक्षण करावे, उद्योगांनी त्यांचा आदर राखावा, आणि हानी झालेल्याला दाद मिळावी. यांतील दुसरे तत्त्व आपल्या प्रश्नाला लागू पडते. उद्योगाची जबाबदारी त्याच्या पगारपत्रकापाशी संपत नाही. ज्यांच्याशी त्याचा व्यापारी संबंध आहे, त्यांच्याकडून त्याच्या मालासाठी जे घडते, त्याचाही शोध त्याने घेतला पाहिजे, असे ते सांगते. तोडणी मजूर आमचे नोकर नाहीत, या उत्तराला याहून सरळ प्रत्युत्तर मला सापडले नाही.

आता हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मधील करारानुसार महाराष्ट्रात तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक टन उसापासून साधारणपणे शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेमागे तोडणी, मोळी आणि भरणी या सर्वांसाठी नवरा-बायकोच्या हाती साडेतीन रुपयांच्या आसपास पडतात, आणि त्यातूनच उचल वळती होते. आमच्या दहा क्विंटल साखरेला सुमारे दहा टन ऊस लागतो. तो तोडण्यास एका जोडीला पाच-सहा दिवस राबावे लागते, आणि त्याचे मोल होते साडेतीन हजार रुपयांच्या घरात. एवढी रक्कम आमच्या उत्सवात एका वेळच्या फुलांना लागते. किलोमागे एक रुपया जास्त देऊन तो फडापर्यंत पोहोचविता आला, तर त्या जोडीच्या मजुरीत सव्वापटीहून अधिक वाढ होईल. आणि साखर घेणाऱ्याला तो रुपया जाणवणारही नाही.

हा केवळ कागदावरचा हिशेब आहे, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात तो प्रत्यक्षात उतरला आहे. इमोकाली नावाच्या गावात टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांनी १९९३ साली एकत्र येण्यास प्रारंभ केला. बागाईतदार दाद देईनात, तेव्हा त्यांनी नजर वळविली ती टोमॅटो विकत घेणाऱ्या मोठ्या उपाहारगृह-कंपन्यांकडे. २००१ पासून चार वर्षे एका बड्या कंपनीवर बहिष्कार चालला आणि २००५ साली तिने मान तुकविली. पौंडामागे एक सेंट अधिक द्यावयाचा, तो मजुराच्या वेतनात जावयाचा, आणि ज्या मळ्यात मजुरांचा छळ होतो त्याचा माल घ्यावयाचा नाही, अशी ती व्यवस्था. पुढे २०१० साली तेथील बागाईतदारांच्या संघटनेनेही ती स्वीकारली. तिचे यश कशात आहे, हे आपण नीट पाहिले पाहिजे. नियम मजुरांनी स्वतः सांगितले, तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, आणि नियम मोडणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटू लागले. नुसत्या प्रमाणपत्राने हे होत नाही. वर्षातून एकदा येणारा तपासनीस कारखान्याची चिमणी पाहतो. कोपीत वाकून जाणारा विरळा.

आपल्याकडेही काही पावले पडली आहेत, ती नाकारणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ निघाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले. मुलांना गावीच राहून शिकता यावे म्हणून संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या दुःस्थितीची स्वतःहून दखल घेतली. शासनाने व न्यायालयाने करावयाचे ते त्यांनी करावे. माझ्यापुढचा प्रश्न लहान आहे आणि म्हणून टाळण्यास कठीण आहे. दहा क्विंटलच्या गिऱ्हाइकाने काय करावे?

स्मृतिकारांनी शौचाचे प्रकार सांगताना अर्थशौच, म्हणजे धनाच्या व्यवहारातील निर्मळपणा, सर्वांत श्रेष्ठ मानला आहे. माती आणि पाणी यांनी होणाऱ्या शुद्धीचा क्रम त्याच्या नंतरचा. हा क्रम आपण उलटा करून टाकला आहे. गोवा, बेळगाव, कारवार, कोल्हापूर येथील लहानमोठी देवस्थाने, मठ, मंगल कार्यालये आणि मिठाईवाले यांची साखर एकत्र मोजली, तर ती दहा क्विंटल राहत नाही. एकट्याच्या पत्राला दोन ओळींचे उत्तर येते. पन्नास देवस्थानांचे एकच पत्र गेले, तर कारखान्याला आपल्या वाहतूक कंत्राटदाराला बोलावून विचारावे लागेल. आमच्या वडीलधाऱ्या सदस्यांनीच पुढील बैठकीत ही सूचना मांडली. गोत्र विचारावयाचेच असेल तर सर्वांनी मिळून विचारा, असे ते म्हणाले.

त्याप्रमाणे परिसरातील इतर देवस्थानांच्या मंडळींशी पत्रव्यवहार सुरू आहे. काहींनी होकार कळविला, काहींनी विचार करून सांगतो म्हटले, काहींचे उत्तर यावयाचे आहे. चार प्रश्नांत एका पाचव्याची भर पडली आहे. फडावर स्त्रियांसाठी पाणी, आडोसा आणि महिन्यातून एकदा डॉक्टर यांची सोय आहे काय? ज्या कारखान्याकडून या पाचांची लेखी आणि पडताळून पाहता येतील अशी उत्तरे मिळतील, त्याची साखर किलोमागे एक रुपया जास्त देऊनही घ्यावी, आणि तो रुपया मजुरांच्या हिशेबात जमा झाल्याचा कागद मागावा, असे आम्ही योजिले आहे.

एका गोष्टीची मात्र घाई आहे. कार्तिकात ऊस पूजेला उभा राहतो, तोवर सर्व सौदे होऊन गेलेले असतात. उचल वाटली जाते ती पावसाळ्यात, आणि कोणत्या अटींवर माणसे घर सोडणार हे तेव्हाच ठरते. म्हणून ही पत्रे आषाढी एकादशीच्या आत कारखान्यांच्या हाती पडली पाहिजेत. ज्या वाचकांचा एखाद्या देवस्थानाच्या कोठीशी संबंध आहे, त्यांनी आपल्याकडील साखरेच्या पोत्यावरचे नाव एकदा वाचावे आणि आम्हांस कळवावे, एवढीच विनंती आहे.